बोगद्यातला कोनाडा

देवावर भरवसा ठेवणारी माणसं भीत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या सोमीला एकदा बघावं. ठाकुरवाडीची ही ठाकरीण जन्मभर भीतच आली आहे.

करवंदांच्या दिवसांत ती डोक्यावर पाटी घेऊन रेल्वेच्या बोगद्यातून पलीकडे उतरते. तिथून जायला बंदी आहे, पण डोंगराच्या वाटेने गेलं तर ऊन चढतं आणि करवंदं पिचतात. बोगद्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला वाघदेव आहे. त्याच्यापुढे मूठभर करवंदं ठेवून ती म्हणते, "भीती माझी, जीव तुझा." मग आत शिरते. गाडी आली तर भिंतीतल्या कोनाड्यात उभं राहायचं, पळायचं नाही. तिचा नवरा धोंडी पळाला होता. बोगद्याचं तोंड असतं त्याहून जवळ दिसतं, ते त्याला कळलं नाही.

यंदा सोबत नवी सून होती, पोशीरकडची रूपा. दोघी मध्यावर आल्या आणि रूळ थरथरू लागले. बोगद्यात आवाज चहूकडून येतो, गाडी कुठल्या बाजूची ते कळत नाही. रूपाच्या डोक्यावरची पाटी पडली. समोर उजेड दिसत होता.

"आये, पळूया गं. जवळच हाय तोंड."

"नाय. कोनाड्यात चल."

"मरू गं आपन हितं."

सोमीने तिचं मनगट धरलं, तिला कोनाड्यात कोंबलं आणि पाठीमागून चिकटून उभी राहिली. वाघदेवाचं नाव घ्यायला गेली, तर दात वाजायला लागले. तेवढ्यात समोरचा उजेड झाकला गेला. गाडी त्याच तोंडातून आत आली होती. वारा लुगडं ओढत होता आणि डबे काही केल्या संपत नव्हते.

गाडी गेली. रूपाने मनगट सोडवून घेतलं.

"आये, ती तिकडनं येनार, तुला ठाऊक व्हतं?"

"नाय गं. मला काय ठाऊक."

"मग येवढं घट्ट का धरलंस मला?" तिच्या मनगटावर बोटं उमटली होती.

सोमी खाली बसून सांडलेली करवंदं पाटीत भरू लागली.

"देवाला जीव देऊन आले व्हते," ती म्हणाली, "पन पाय निघाले व्हते पळायला. तुला धरलं म्हनून ऱ्हायले."