रावसाहेबांच्या तोंडाचं माप

काका आमच्या दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवतात. मी पुढे काउंटरवर असते. नंबर देते, फोन घेते आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसते.

काकांना तरुणपणापासून एकच हौस होती, खाऱ्या पाण्यातले मासे पाळायची. पण जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला आणि टाकीचं नाव काढलं की घरमालक हात जोडायचे. शेवटी साठी उलटल्यावर त्यांनी मॅडमना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना विचारलं. मॅडमनी पेशंटच्या बाकांसमोरची भिंत दिली, पण अट घालून. "एकही मासा दुसऱ्याच्या पोटात जाता कामा नये. पोरं इथे आधीच रडत येतात. तसं झालं तर टाकी उचलायची."

दुसरा कुणी असता तर गुमान गरीब मासे आणले असते. काकांना लायनफिशच हवा! अंगावर पट्टे, पंखांत विषारी काटे, आणि समोर येईल ते गिळायची सवय.

"अहो काका, हे म्हणजे मांजराला दुधाची राखण," मी म्हटलं.

"ज्याचं अंग तोंडात मावतं ते खाद्य," काका म्हणाले. "मावत नाही तो शेजारी."

आणि त्यांनी खरंच माप काढलं. दुकानात लायनफिशने जांभई दिली तेव्हा काचेबाहेर कवळीचं माप घ्यायचं कॅलिपर धरून! त्या मापाहून उंच अंगाचे सहा निळे मासे त्यांनी निवडले. ते आधी टाकीत सोडले, तीन आठवडे रुळू दिले. मग सगळे दगड हलवून नवी मांडणी केली, म्हणजे ही जागा माझी असं कुणालाच म्हणता येऊ नये. त्यानंतर लायनफिशची स्वारी आली. तिचा थाट बघून सफाईवाल्या मावशींनी नाव ठेवलं, रावसाहेब.

महिनाभर दवाखान्यात आनंदीआनंद होता. पोरं सहा निळे मोजता मोजता खुर्चीत जाऊन बसायची. काका सोमवारी आणि गुरुवारी लांब चिमट्याने रावसाहेबांना कोळंबी भरवायचे, तेव्हा मोठी माणसंसुद्धा दातदुखी विसरून उभी राहायची.

मग एका सोमवारी रावसाहेबांनी कोळंबीकडे पाठ फिरवली. गुरुवारीही तेच. पाणी तपासायच्या नळीतला रंग गडद व्हायला लागला, म्हणजे पाणी बिघडत होतं. काकांनी निम्मं पाणी बदललं, तरी चार दिवसांत पुन्हा तोच रंग. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आजारी आहे गं," एवढंच म्हणायचे आणि डबा न उघडता परत न्यायचे. मला बघवेना, पण चोराच्या मनात चांदणं, मी गप्प राहिले.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी निळे पाचच निघाले. आम्ही तीनदा मोजलं. काकांनी बादल्या आणल्या, पाणी उपसायची नळी काढली. "अट म्हणजे अट," म्हणाले.

"काका, रावसाहेबांनी नाही खाल्लं," मी बोलून गेले. "त्यांचं पोट भरलेलं असतं. मी रोज सकाळी दोन कोळंब्या देते. उपाशी राहून भलतंसलतं करायला नको म्हणून."

मावशींचा पोछा हातातच राहिला. "अगं बाई! मी पण देते की, लादी पुसून झाली की. चांगल्या तीन."

"आणि जेवणाच्या सुट्टीत मी," दारातून आवाज आला. मॅडम उभ्या होत्या.

काका आमच्याकडे बघतच राहिले. मग बोटांवर हिशेब केला आणि एकदम ओरडले, "अहो, मग त्याच्या पोटात मासा शिरेल कुठून? आणि उरलेलं खाणं जातंय कुठे?"

ते टाकीमागे धावले. वरचं पाणी तिथल्या फटीतून गाळणीच्या कप्प्यात पडतं. झाकण उघडलं, तर वाहून आलेल्या कोळंबीच्या ढिगावर आमचा सहावा निळा मजेत चरत होता. खाण्यामागोमाग फटीतून उडी मारून आला असणार. पोट चांगलं टम्म झालं होतं! मावशींनी टाळ्या वाजवल्या. मी हसता हसता रडले.

त्याला जाळीत घेऊन टाकीत सोडल्यावर काका मॅडमकडे वळले. "या दोघींचं समजू शकतो. पण अट तर तुमचीच होती ना?"

मॅडमनी नजर काचेकडे वळवली. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "मोडली असती तर टाकी मलाच काढायला लावावी लागली असती. ते मला जमलं नसतं, काका."

"अगं वेडे," काका म्हणाले. पगार देणाऱ्या मॅडमना त्यांनी चारचौघांत अगंतुगं केलं, आणि मॅडम भांडं फोडून सापडलेल्या पोरीसारख्या हसत उभ्या राहिल्या.