चौदा उरलेल्या गोळ्या

साखऱ्याच्या मसाजीला आसपासच्या गावांतले मेंढपाळ डॉक्टर म्हणत. अर्धी थट्टा, अर्धा विश्वास. मेंढराचा कान हातात धरून तो ताप सांगायचा. औषधाच्या बाबतीत त्याचा एक नेम होता. जनावर रवंथ करायला लागलं की औषध बंद. जास्तीचं औषध पोट बिघडवतं, आणि उरलेलं पुढच्या जनावराला कामी येतं. वीस वर्षं या नेमानं त्याला कधी दगा दिला नव्हता.

गेल्या श्रावणात त्याच्या दिपाचा घसा धरला. पोरगी तेरा वर्षांची. सर्दी नाही, खोकला नाही. नुसता फणफणून ताप, आणि पाणीसुद्धा गिळवेना. मसाजीनं तिला सेनगावला नेलं. डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून घसा पाहिला, मानेच्या गाठी चाचपल्या. प्रत्येक घशाला हे औषध लागत नाही, म्हणाल्या, पुष्कळसे घसे आपोआप बरे होतात. पण हिचा तसला दिसत नाही. अमॉक्सिसिलिनच्या वीस गोळ्या दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, दहा दिवस. अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास लागला तर तिथंच थांबवून इकडं या. पोट ढिलं झालं तर येऊन विचारा, पण आपल्या मनानं सोडू नका.

मसाजीनं मान हलवली.

औषध लागू पडलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी दिपानं ताकात भाकरी कुस्करून खाल्ली आणि वेणीवरून आईशी भांडली. त्याच दिवशी तिला चारदा परसाकडं जावं लागलं. संध्याकाळची गोळी झाल्यावर मसाजीनं पाकीट बायकोच्या, बनाबाईच्या हातातून काढून घेतलं.

"पोट बिघडवून राहिलं हे. बरी झाली ती. आता काहून?"

"डाक्टरीनबाईनं दहा दिस सांगितलंय," बनाबाई म्हणाली. "लेकरू हाय ते, मेंढरू न्हाई."

"ताप कुठं हाय? दाखव."

ताप नव्हताच. उरलेल्या चौदा गोळ्या मेंढरांच्या औषधांच्या डब्यात गेल्या. त्यातल्या चार पुढं एका मेंढीला चारल्या गेल्या.

तीन आठवड्यांनी दिपाचा उजवा गुडघा सुजला. खेळताना मुरगळला असेल म्हणून मसाजीनं तेल चोळलं. दोन दिवसांत गुडघ्याची सूज उतरली आणि डावा घोटा सुजला. मग मनगट. असं फिरतं दुखणं त्यानं कुठल्याच जनावरात पाहिलं नव्हतं. एका सकाळी पाणी आणताना दिपा वाटेतच बसली. बसल्या जागी धापा टाकू लागली.

हिंगोलीला तिच्या हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलं होतं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. आता दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, कित्येक वर्षं. तेही चुकवायचं नाही.

मसाजी उभाच होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, त्या चौदा गोळ्या पोटात गेल्या असत्या तर?"

"बहुतेक टळलं असतं," डॉक्टर म्हणाले. "नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

हे ‘बहुतेक’ घेऊन तो घरी आला. ‘नक्की’ म्हणाले असते तर त्यानं स्वतःला धरून मारलं असतं. ‘नाही’ म्हणाले असते तर रडून मोकळा झाला असता. बनाबाईनं दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं घातल्या नाहीत.

दिवाळीनंतर कळप कनेरगाव नाक्यावरून वाशीमच्या रानात न्यायचा असतो. यंदा तो भाऊ संतरामनं नेला. दिपा म्हणाली, "आबा, तुमी जा. मी आईसंगं जाईन सुईला." मसाजी गेला नाही.

दर एकविसाव्या दिवशी बापलेक हिंगोलीला जातात. क्वचित एखाद्याला हे औषध सोसत नाही, म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसवून ठेवतात. मेंढरं गुडघ्याखाली दाबून हजार सुया टोचलेला माणूस तिला सुई टोचताना भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. मग वळून तिच्या अंगावर पुरळ शोधत बसतो. दर खेपेला तो डॉक्टरांना विचारतो, झडप मिटली का. पुढच्या तपासणीत बघू, ते म्हणतात. ऑपरेशन लागेल का? तेही तेव्हाच बघू.

परतताना दिपा पुढं चालते. तो मागं, तिच्या श्वासाकडं कान लावून. वाटेत ती थांबते. मसाजीही थांबतो. दम लागला म्हणून थांबली, की बाप मागं राहिला म्हणून, हे त्याला विचारवत नाही.