पिल्लू, बकरी आणि आमच्या सासूबाई

मित्रमैत्रिणींनो, आज घरात एक नवा जीव आलाय आणि त्यानं दिवसभर कुणाला निवांत बसू दिलं नाही.

सकाळी नवऱ्यानं नागभीडहून कुत्र्याचं पिल्लू आणलं. खाली ठेवताच ते कोंबड्यांच्या मागे धावलं. मांजर घाबरून कौलांवर चढली. मग ते आमच्या गाभण बकरीच्या पायांत शिरलं. तिनं अशी ढुशी दिली की स्वारी थेट शेणाच्या टोपलीत.

सासूबाई म्हणाल्या, "आताच्या आता वापस ने याले. मले कुत्रा नाई पायजे."

मागच्या वर्षी आमच्या जुन्या कुत्र्याला बिबट्यानं अंगणातून उचलून नेलं. तेव्हापासून त्या दुसरा कुत्रा आणूच देत नाहीत.

"उद्या नेऊन देतो, माय," नवरा म्हणाला.

दुपारी भांडी घासून आले तर पिल्लू बकरीच्या पोटाला टेकून झोपलेलं. ती रवंथ करत बसली होती, जागची हलत नव्हती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

दिवस मावळताना नवरा पिल्लाला अंगणातल्या खुंट्याला बांधायला गेला. सासूबाईंनी त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

"इथी काऊन बांधून राह्यला? घरात घे त्याले. माह्या खाटेखाली झोपते तो."

आत्ता त्या खाटेवर पडल्यात. एक हात खाली सोडलाय आणि पिल्लू त्यांची बोटं चाटतंय.

जंगलाकाठी राहणाऱ्यांनो, तुम्ही रात्री तुमच्या कुत्र्यांना कुठे ठेवता?