फरशीचे फोन कुणी मागवले

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी काढून बसत असे: पाऊसपाणी, तंबाखूचा भाव, नातवाचं कॉलेज. बायकोला अर्धी माहीत होती आणि उरलेली अर्धी तिनं कधी विचारली नाही. आता ती नाही. ज्याला सांगायची होती तोही नाही. पण निपाणीच्या बाजारात माझ्या धाकट्या भावाचा विषय निघाला की जुनी माणसं अजून हसून म्हणतात, "फरशीवाला व्हय?" ते मला ऐकवत नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं दुकान मूळचं घड्याळं आणि रेडिओचं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते उभं केलं. घड्याळं गेली, रेडिओ गेले, आणि आम्ही मोबाईल विकू लागलो. मी थोरला, गादीवर बसायचो. धाकटा काउंटरवर. आमच्या घराण्यात रीत अशी, की माल देणाऱ्याशी थोरल्यानं बोलायचं नाही. थोरल्यानं मान हलवायची, बोलायचं धाकट्यानं. बेळगावचा डिस्ट्रिब्युटर कन्नड बोलायचा. कन्नड मलाही येतं, आमच्याकडे सगळ्यांनाच येतं, पण फोन लावून ऑर्डर सांगायचं काम त्याचं. आप्पा आणि काका असेच वागत आले होते. या रीतीत थोरल्याचा मान राहतो, असं मी समजत होतो. तिच्यात थोरल्याला लपायला किती जागा आहे, ते मला उशिरा कळलं.

त्या वर्षांत बाजारात तीन तऱ्हेचे फोन होते. अँड्रॉइड सगळीकडे होता, स्वस्तातला आणि महागातला. आयफोन आमच्याकडे काचेच्या कपाटात एखादाच असे. डॉक्टर किंवा तंबाखूच्या एखाद्या व्यापाऱ्याचा मुलगा येऊन तो हातात घेऊन बघे आणि खरेदीला बेळगावला नाहीतर कोल्हापूरला जाई. तिसऱ्या तऱ्हेचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या पडद्यावर रंगीत चौकोन एकाला एक लावलेले असत, नव्या बाथरूमच्या भिंतीसारखे. बाजारानं त्याला फरशीचा फोन म्हटलं. फोन वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. हातात घेतल्यावर जड लागायचा, अडकायचा नाही.

धाकट्याचा जीव अँड्रॉइडवर. फोन विकला की तो गिऱ्हाइकाला तसा देतच नसे. आधी बसवून घ्यायचा, घरात कोण कोण आहे ते विचारायचा. बिडीच्या कारखान्यातून बायका यायच्या. त्यातल्या काहींना वाचता येत नसे. त्यांच्या पडद्यावर तो बाकी सगळं झाकून फक्त मुलाबाळांचे फोटो लावून द्यायचा. चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याला फोन. कागलच्या बाजूच्या, सीमेलगतच्या खेड्यातला फोन महाराष्ट्राचा टॉवर धरायचा आणि उगाच रोमिंग लागायचं, तर तो नेटवर्क हातानं बांधून द्यायचा. मराठी आणि कन्नड, दोन्हींचा कीबोर्ड घालायचा. एखाद्या म्हाताऱ्याला अक्षर एवढं मोठं करून द्यायचा की एका पडद्यावर दोनच नावं मावत. आयफोनमध्ये त्या काळी यातलं फारसं काही करता येत नसे. तो म्हणायचा, "त्यो भाड्याच्या घरागत हाय. लई झ्याक, पण खिळा मारू देत न्हाईत."

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. फोन घेऊन गेलेला माणूस आठवड्यात परत. घरातल्या पोरांनी चिन्हं हलवलेली, काहीतरी पुसलेलं, दुकानात गर्दी आणि विक्री शून्य. फरशीचा फोन मला म्हणूनच आवडला. त्यात फार फिरवाफिरव करता येत नसे, आणि चौकोन आमच्या दुकानातल्या फळ्यांसारखे ओळीत बसलेले असत.

त्यात मला त्या फोनच्या कंपनीचं बेळगावला बोलावणं आलं. एका हॉटेलात दुकानदारांची सभा होती. माझी खुर्ची पहिल्या रांगेत. खांद्यावर शाल घातली. मग एका सुटातल्या तरुणानं भिंतीवर आलेख दाखवला. त्यातली रेघ वर वर जात होती, आणि काही वर्षांत हा तिसरा फोन आयफोनला मागं टाकणार, असं तो म्हणाला. बाजारात आधी उतरेल त्याचा फायदा. माझं वय साठीला आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पुढचं बघणारा माणूस म्हणत होतं. शाल खांद्यावर ठेवूनच मी परतीच्या बसमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी धाकट्याला सांगितलं, की दिवाळीला फरशीचाच माल भरायचा. अँड्रॉइडचा नावापुरता ठेवायचा. त्याचा घास हातातच राहिला.

"अण्णा, नगा. ह्यो चालायचा न्हाय."

का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, की बँकेचं ॲप ह्यात नीट न्हाय, पोरांचे खेळ न्हाईत. गिऱ्हाईक न्हाय म्हणून ॲप करणारे येत न्हाईत, आणि ॲप न्हाय म्हणून गिऱ्हाईक येत न्हाय. ह्यातनं त्यो कसा सुटणार? मी आलेखाचं सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"लोक चांगला फोन घेत न्हाईत, अण्णा. शेजाऱ्याकडं हाय तसला घेत्यात. अडलं तर शेजारी दावतोय म्हणून."

मी म्हटलं, "तू चित्रं चिकटवत बस. धंद्याचं मी बघतो."

बायको ताक वाढत होती, तिनं हे ऐकलं. तिची अर्धी माहिती ती एवढी. संध्याकाळी त्यानं डिस्ट्रिब्युटरला फोन लावला आणि ऑर्डर सांगितली, स्पष्ट आवाजात, एकदाही न अडखळता. शेजारचा कापडवाला तेव्हा दुकानात बसला होता. त्यानंही ती ऐकली.

दिवाळी आली आणि गेली. गिऱ्हाईक यायचं, फरशीचा फोन हातात घ्यायचं, म्हणायचं, "झ्याक हाय की." मग विचारायचं, "पण आमच्या मेव्हण्याकडं हाय तसला न्हाय का?" समोरच्या दुकानात रांग लागायची. पुढं कंपनीनंच त्या फोनवरून लक्ष काढल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा आमच्या फळ्या अजून भरलेल्याच होत्या.

आप्पा तेव्हा हयात होते. थकले होते, पण दिवस बुडायच्या आत जेवून रोज दुकानात येऊन टेकायचे. एके दिवशी काका आणि कापडवाला बसले असताना त्यांनी फळ्यांकडं बघत विचारलं, "हे मागवलं कुणी?"

मी गादीवर होतो. माझं तोंड उघडायच्या आत कापडवाला बोलला. चेष्टेतच बोलला, वाईट हेतू नव्हता. "कोन मागवणार? तुमचा धाकटा. मी हितंच बसलोतो की. मोठ्या आवाजात सांगत होता, फरशी बसवायला निघाल्यागत."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात मागणं काही नव्हतं. मी काय करतो, एवढंच तो बघत होता. घरच्या मोठ्यांसमोर थोरला बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या आधी धाकट्यानं बोलायचं नसतं, हे त्याला आप्पांनीच शिकवलं होतं. मी समोरची काच पुसू लागलो.

"उद्यापास्नं तू काउंटरला उभा राहू नगंस," आप्पा म्हणाले. "शेताकडं बघ."

"व्हय, आप्पा," तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.

मी उठून त्याच्या मागं जायला हवं होतं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आप्पा जिवंत होते तोवर कधीही. मी स्वतःला सांगत राहिलो, की राग निवला की त्याला परत आणू. मग आप्पा गेले. तोवर त्यानं चिकोडीला दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्तीचं टेबल घेतलं होतं, दाराशी, उन्हात. ज्याच्या हाताखाली दुकान चाललं असतं, तो माणूस मालक येईपर्यंत बाहेर थांबायचा. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, कुणाच्या लग्नाला आला तरी कुणीतरी हाक मारायचंच, "फरशीवाले, या." तो यायचा, बसायचा. बाजारात एकदा नाव पडलं की पडलं. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाव्हण्यांनी चौकशी केली, तेव्हाही म्हणे हेच सांगितलं गेलं, की दुकान बुडवलेला माणूस. सोयरीक मोडली. मला ते कळलं होतं. पाव्हण्यांना खरं सांगायला मी गेलो नाही.

त्याचा अंदाजही सगळा खरा ठरला असं नाही. आयफोन निपाणीत कधी खपणार नाही, असं तो म्हणायचा. आता हप्त्यावर घेऊन कॉलेजची पोरं तो मिरवतात, आणि त्यातही बरंच काही आपल्या मनासारखं बदलता येतं. अँड्रॉइडही दिवसेंदिवस त्याच्यासारखाच दिसू लागलाय. दोघंच उरलेत. तिसऱ्याची आठवण कुणाला नाही, माझ्या भावाच्या नावात तेवढी उरली आहे.

गेल्या वर्षी त्याची तब्येत बिघडली. बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी गेलो. एसटीत बसून सगळं मनात जुळवलं होतं. तो उशीला टेकून बसला होता, हात बारीक झाले होते. मला बघून पाय खाली घेऊ लागला. मी नको म्हटलं. सूनबाई चहा ठेवून आत गेली. आम्ही दोघंच उरलो. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

मी घसा खाकरला. तेवढ्यात तोच बोलला. नातीला बंगळूरला कॉलेजात पाठवायचंय, तिला फोन घ्यायचाय, ती आयफोन म्हणते.

"मी म्हटलं, थांब. अण्णा येणार हाईत, त्यास्नी इचारू. तुम्ही सांगाल त्यो घिऊ."

टोमणा आहे का, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. नव्हता. तो खरंच विचारत होता. इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडाकडं बघून थांबला होता.

आणि मी बोललो, ते फोनविषयी. बॅटरी, कॅमेरा, किती वर्षं नव्या सुधारणा मिळतात, जुना विकला तर कशाला भाव येतो. चहा संपेपर्यंत बोललो. तो मान हलवत ऐकत होता. मग दमला. मी पडून राहा म्हटलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. पुन्हा जायचं ठरवलं होतं. महिन्याच्या आत मला त्याच्या मातीला जावं लागलं.

एसटीत जुळवलेलं मोठं नव्हतं. अरं, ती ऑर्डर माझी होती. तू नगा म्हणाला होतास. त्या संध्याकाळी आप्पांसमोर मी बोलायला हवं होतं आणि मी काच पुसत बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.