सुई कुठल्या हाताला?

मालन सिस्टर नसत्या तर माझा संसार तिथंच मोडला असता. म्हणून आधी त्यांचं नाव, मग माझी गोष्ट.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कोअर शॉपला होते. कोअर म्हणजे वाळूचा ठोकळा. साच्यात तो बसवून वर लोखंड ओततात, म्हणजे पार्ट आतून पोकळ राहतो. शाळा पाचवीत सुटलेली. माहेर, सासर दोन्ही जालन्याकडं. पोटात पाचवा महिना. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं, त्यामुळं जीव सारखा धास्तावलेला.

दवाखान्यात मालन सिस्टरनी माझं रक्त घेतलं. व्हीडीआरएल नावाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे गरमी. संबंधातून लागणारा आजार.

"मला तर काहीच होत न्हाई, सिस्टर."

"तसंच असतंय ते. दुखत न्हाय, खुपत न्हाय, आन् बाळाला खातंय. इंजेक्शनानं बरं हुतंय की. पण नवऱ्याला बी घ्यायला पायजे, न्हायतर परत तुलाच लागंल."

माझे मिस्टर, ज्ञानोबा, त्याच कंपनीत मोल्डिंगला, साच्यांच्या कामावर. ऐकून यांचा आवाज चढला. "कंपनीच्या कॅम्पात माझं रक्त तपासलंय. सगळं क्लीन. मग तू कुठून आणलं हे?"

"गाठोडं बांध," म्हणाले. "फोनच्या बूथवरून तुझ्या भावाला बोलावतो."

गाठोडं बांधलं आणि सिस्टरकडं गेले. त्या म्हणाल्या, "भावाच्या आधी मला भेटू दे त्याला."

हे आले ते कॅम्पाचा रिपोर्ट खिशात घालूनच. सिस्टरनी तो नीट वाचला. भांडल्या नाहीत.

"पावणं, सुई कुठल्या हाताला टोचली?"

"उजव्या... न्हाई, डाव्या."

"ठरवा की!"

मग यांनी खाली बघत खरं काय ते सांगितलं.

आमच्या फाउंड्रीत कुणाला उशीर झाला की जोडीदार त्याचं हजेरीचं कार्ड पंच करायचा. हे तापलेलं लोखंड ओतायचे, पण सुईला भ्यायचे. म्हणून कॅम्पात यांचा जोडीदार रामा दोनदा रांगेत उभा राहिला. एक हात स्वतःच्या नावानं दिला, दुसरा यांच्या.

"हजेरी दुसऱ्याच्या हातानं लागंल, पावणं," सिस्टर म्हणाल्या. "रक्त न्हाय."

यांनी बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. दुसरा हात मी धरला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

हे म्हणाले, "सिस्टर, मग हे आलं कुणाकडून?"

"ते इचारत बसायचं न्हाय. फुडं जाऊ द्यायचं न्हाय, एवढं बघायचं."

घरी आल्यावर यांनी माझं गाठोडं स्वतः सोडलं. लुगडी एकेक करून ट्रंकेत ठेवली.

दोघांनी इंजेक्शनं पुरी केली. मुलगी झाली, रडून वॉर्ड उठवणारी. तिचंही रक्त तपासलं. ठीक निघालं. तरी सिस्टर आम्हाला ठरल्या वेळेला परत बोलवायच्या. "बरं झालोय की," म्हटलं तर म्हणायच्या, "मग ते बघायलाच ये." त्यातून मी एवढंच शिकले की एका वेळचा रिपोर्ट म्हणजे एका दिवसाची हजेरी. ती परत लावावी लागते, आणि ज्याची त्यानं.

सिस्टर आता रिटायर होऊन कोडोलीला असतात. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलत राहतात. परवा कानात म्हणाल्या, "कांता, सुईची मला बी भीती वाटती गं."

तारीख अजून ठरलेली नाही. ठरेल त्या दिवशी मी सुट्टी टाकणार आहे. हात मीच धरणार.