म्हातारीची गादी

आमच्या दादाला डाग बघवत नाही. जन्म लॉन्ड्रीत गेला त्याचा. कुणाकडे जेवायला गेला तरी समोरच्याच्या कॉलरकडे बघणार, हा चहा की तेल, हे मनातल्या मनात ठरवूनही टाकणार. वहिनी म्हणायची, यानं मला नाही, माझ्या पांढऱ्याशुभ्र रुमालाला पसंत केलं. खरंही असेल, त्याचं काय सांगावं!

वहिनी गेली, आणि रडायचं सोडून दादानं धुणं काढलं. तिचे कपडे, अभ्रे, आजारपणातली शाल, सगळं. मी म्हटलं, अरे जरा बस, लोक भेटायला येताहेत. ऐकेल तर शपथ! सगळं इस्त्री करून कपाटात लावलं, मगच टेकला.

राहिली ती फक्त म्हातारीची गादी. म्हातारी म्हणजे वहिनीची कुत्री. तिचे दोन्ही डोळे गेलेले. स्वयंपाकघराच्या दाराशी तिची गादी, आणि गादीला वहिनीनं स्वतःच्या जुन्या स्वेटरची खोळ शिवलेली. म्हातारी नाक लावत लावत बरोबर तिथं पोचायची आणि बाहीत तोंड खुपसून झोपायची.

पुढे दादाची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार असं ठरलं. घराला कुत्र्याचा वास नको, हे दादाच्याच डोक्यात आलं. पोरगी बिचारी चकार शब्द बोलली नव्हती. त्यानं गादी बाहेर नेऊन झटकली, ब्रशनं केस काढले, खोळ उसवली. लोकर म्हणून पाणी कोमट, हात हलका. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर, म्हणजे वासाचं नावनिशाण नको. काम फक्कड झालं, खोटं कशाला बोलू.

खोळ वाळल्यावर पुन्हा शिवून त्यानं गादी जागेवर ठेवली. म्हातारी आली, हुंगली आणि पुढे गेली. पलंगाखाली, कपाटापाशी, न्हाणीघरात, परत दाराशी. गादीवर पाय पडला तरी थांबेना. मला वाटलं, दमली की बसेल. दादा मात्र एकदम उठला. वहिनीचं कपाट उघडून एकेक कपडा म्हातारीच्या नाकाशी धरू लागला. गाउन, शाल, तो रुमाल. दर वेळी ती तोंड फिरवायची. मग तो स्वतःच हुंगायला लागला. एक हुंगला, टाकला. दुसरा हुंगला, टाकला. सगळ्यांना नुसता साबणाचा वास.

"तिचं काहीच ठेवलं नाही गं मी," तो म्हणाला. "सगळं धुऊन टाकलं."

घड्या मोडलेल्या कपड्यांत बसून दादा लहान पोरासारखा रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

म्हातारी शेवटी बाहेरच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. तिला उचलून आणायला दादा गेला, आणि तिच्याशेजारीच बसला. अंधार पडला तसा मी दिवा लावला. दार लावायला काही हात गेला नाही.