मामाच्या पाठीवरचं मांजर

माझ्या भाचीच्या लग्नात मी माझ्या मुलीचा शर्ट घालून उभा राहिलो, आणि तो मला ढगळ झाला.

आता माझं वजन ब्याण्णव किलो (सकाळी, उपाशीपोटी) आणि मुलीचं अठ्ठेचाळीस. तेव्हा हे घडलं कसं, ते सांगतो. चूक सगळी माझीच आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे बायकोला मधेमधे बोलावं लागणार नाही.

आमची ऋतुजा पुण्याला शिकायला गेली तेव्हा मापाची होती. म्हणजे ती जेवढी, तेवढेच तिचे कपडे. दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, तेव्हा तेलगावच्या स्टँडवर एसटीतून आधी एक शर्ट उतरला आणि त्याच्या आत शोधल्यावर पोरगी सापडली! खांद्याची शिवण कोपरापाशी, बाह्या बोटांच्या खाली आणि पँट अशी, की एका पायात ती आणि दुसऱ्या पायात तिची बॅग आरामात मावावी.

"ऋतू, दुकानदारानं फसवलं का गं तुला?"

"बाबा, ओव्हरसाइज आहे ते. मुद्दाम घेतलंय."

"मुद्दाम?"

"छान मोकळं वाटतं यात."

मोकळं तिला वाटत होतं, गुदमरत मी होतो! कारण तेलगावात माझं बी-बियाणांचं दुकान. सरकीचं बी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी घरच्यांची तब्येत विचारणार, मग भाव. ऋतू दुपारी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, की चौकशी सुरू.

"शेठ, पोरगी लई वाळली हो. कावून? तिकडं मेसचं जेवण बरं न्हाई का?"

"तसं काही नाही, कपडे मोठे आहेत."

"मोठे न्हाईत, पोरगी बारीक झाली. आधी बसत असतील की!"

दुसऱ्यानं काविळीचं औषध देणाऱ्या नेकनूरच्या माणसाचा पत्ता दिला. तिसऱ्यानं काहीच न बोलता दुसऱ्या दिवशी घरचं तूप आणून दिलं. (तूप चांगलं होतं. मीच खाल्लं.)

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण शकू, तिच्या पूजाचं लग्न नांदूरघाटला निघालं. मी मुलीचा मामा! आमच्याकडं मामाशिवाय लग्न पुढं सरकत नाही. "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं," असं माइकवर पुकारलं, की मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. हजार माणूस बघत असतं. आणि शकूनं फोनवर एकच गोष्ट चार वेळा सांगितली होती.

"दादा, पावणे लई बघणारे हायेत. दोन सरपंच हायेत त्यांच्यात. आपल्याकडून काही कमी दिसायला नको."

"शकू, तू निर्धास्त राहा. तुझा भाऊ आहे ना!"

फोन ठेवला आणि समोरून ऋतू गेली. म्हणजे शर्ट गेला, आत ऋतू असावी. ही अशी लग्नात दिसली तर? पावणे म्हणतील, मामाला स्वतःच्या लेकीला मापाचे कपडे घेणं परवडत न्हाई!

तेव्हा मी बुद्धी चालवली. (इथं बायको नेहमी हसते.) मायलेकी बांगड्या भरायला माजलगावला गेल्या होत्या. मी ऋतूचं कपाट उघडलं आणि जे जे ढगळ दिसलं ते सगळं एका चादरीत बांधलं. थेट हमीदचाचांच्या दुकानात! चाचा गावातले जुने टेलर. ऋतूच्या शाळेचे सगळे ड्रेस त्यांनीच शिवलेले.

"चाचा, हे सगळे शर्ट पोरीच्या मापाचे करून द्या. गुपचूप. लग्नाच्या आधी."

"सगळे? नाप कुठंय पोरीचं?"

"तुमच्या वहीत असेल की."

चाचांनी धूळ झटकून मापाची जुनी वही काढली, पानं उलटली. "हां, हाय. दहावीचा ड्रेस."

"तेच धरा. त्यानंतर पोरगी वाढली कुठं?"

चाचा एकेक शर्ट उचलून बघू लागले. एका पांढऱ्या, नव्या कोऱ्या शर्टापाशी थांबले. "शेठ, ह्यो बी बारीक करायचा? कापड भारी हाय."

"करा, करा! हा तर शर्ट नाही, तंबू आहे! कोण घालणार हा? हत्ती?"

चाचांनी एकदा शर्टाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. आणि शर्ट गुपचूप ढिगावर ठेवला. त्या माणसाची सभ्यता मला फार उशिरा कळली.

ऋतूनं शर्ट कुठं गेले विचारलं, तेव्हा धोब्याकडं दिलेत अशी थाप मारली. लग्नाच्या आदल्या दिवशी चाचांनी गठ्ठा कागदात बांधून दिला. तो मी बायकोच्या नकळत डिकीत टाकला आणि आम्ही नांदूरघाटला पोचलो. ठरवलं होतं, लग्नाच्या सकाळी ऋतूपुढं गठ्ठा उघडायचा. पोरगी आनंदानं उडी मारेल!

सकाळी आधी हळद झाली. शकूच्या नणंदा म्हणजे चार धिप्पाड बाया. नवरीला बोटभर हळद लावली आणि उरलेलं पातेलं मामावर रिकामं केलं. अंगातला शर्ट गेला. अंघोळ करून मी खोलीतून ओरडलो, "ऋतू, माझा लग्नाचा पांढरा शर्ट दे गं!"

"माझ्याकडं कुठंय? इस्त्री करून माझ्या कपाटात लावला होता. निघताना बघितला तर नव्हता. मला वाटलं, तुम्हीच घेतला."

मी टॉवेलवर उभा होतो, तसाच खाली बसलो.

तंबू. हत्ती.

"ऋतू," मी म्हणालो, "डिकीत एक गठ्ठा आहे. तो आण. आणि मग दार लाव."

तिनं गठ्ठा सोडला. एक शर्ट काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे दहावीतल्या मुलीचे! मी पांढरा ओढून घेतला आणि अंगात घालायचा प्रयत्न केला. एक हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. दुसरा हात वर गेला तो खाली येईना. तेवढ्यात बायको आत आली.

"अगं बाई! आवो, हे काय?"

"काही नाही. ओढ!"

बायकोनं एक बाही धरली, ऋतूनं दुसरी. ओढाओढीत पुढचं बटण उडालं ते थेट देव्हाऱ्यात. शर्ट निघाला तेव्हा मी सगळं कबूल केलं. मला वाटलं, ऋतू ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं ढिगातून एक जुना निळा चौकटीचा शर्ट काढला आणि मांडीवर ठेवला.

"बाबा, हा तुमचा होता."

"माझा?"

"हॉस्टेलला जाताना मी न विचारता बॅगेत टाकला होता. पहिल्या महिन्यात झोप यायची नाही. तो घातला, की यायची. मग सगळेच तसले घ्यायला लागले."

मी काहीतरी चांगलं बोलणार होतो, बापाला शोभेल असं. तेवढ्यात बाहेर माइक खरखरला.

"मुलीचे मामा! मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! वेळ झालेली आहे!"

आम्ही तिघं घाईघाईनं कुणाचा शर्ट मिळेल ते आठवू लागलो. शकूचा नवरा म्हणजे उभा केलेला ऊस, त्याचा शर्ट मला मफलर म्हणून बसला असता. हळदीचा शर्ट वाळत होता, पिवळाधमक.

"मामा हायेत कुठं?" माइक पुन्हा गरजला. "मामा जिथं असतील तिथून यावं!"

दारावर शकूची थाप पडली. "दादा! पावणे उभे राह्यलेत! आत काय करायलास?"

ऋतू उठली. पडद्याआड गेली आणि आईची साडी गुंडाळून बाहेर आली. हातात तिच्या अंगातला शर्ट होता. बांगड्या भरायला गेली त्या दिवशी अंगावर होता, म्हणून चाचांच्या कात्रीतून वाचलेला तो एकुलता एक!

"घाला."

मी घातला. हात सरसर आत गेले. बटणं लागली. पोटावर लागली! आणि वर चार बोटं जागा उरली! इतकं सुख मला शेवटचं कधी मिळालं होतं, आठवेना.

"छान पांढरा आहे की गं!"

"पुढून," ऋतू म्हणाली. "मागं मांजर आहे."

पाठीवर ताटाएवढं मांजर, पाय वर करून झोपलेलं!

शेवटी बायकोनं फेट्याचा शेमला लांब सोडला आणि मांजर झाकलं. मी पूजाला घेऊन बोहल्यावर गेलो. सगळं ठीक चाललं होतं. पण प्रत्येक "सावधान"ला अक्षता टाकायला हात वर करावा लागतो. हात वर गेला, की शेमला बाजूला, की मांजर बाहेर! हात खाली, मांजर आत. पावण्यांची पहिली रांग नवरा-नवरीकडं बघायचं सोडून माझ्या पाठीकडं बघत होती. तिसऱ्या मंगलाष्टकाला एक म्हातारा पावणा शेजारच्याला म्हणाला, "आता निघतंय बघ!" आणि निघालंच. शकूनं डोळे मिटून घेतले.

लग्न लागलं. टॉवेल-टोपीचा मान करायला तोच म्हातारा पुढं आला. पावण्यांतला थोरला सरपंच! मी मान खाली घातली. त्यानं टोपी माझ्या हातात दिली, टॉवेल खांद्यावर टाकायच्या आधी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघितली. मे महिन्याचं ऊन. तो स्वतः घट्ट सफारीत घामानं निथळत होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ह्यो कुठं मिळतो? लई हवेशीर दिसायलाय."

"पुण्याला," मी छाती काढून म्हणालो. "मुद्दाम मागवलाय!"

शकूनं डोळे उघडले. ऋतू मात्र साडीचा पदर तोंडात कोंबून हसत होती.

परत आल्यावर गठ्ठा घेऊन चाचांकडं गेलो. त्यांनी सगळे शर्ट शांतपणे उलटे करून दाखवले. "कापड कापलं न्हाई, शेठ. आत दुमडलंय. मला ठावं होतं, तुमी परत येणार." दोन दिवसांत सगळं उसवून मोकळं. ऋतू आपले तंबू घेऊन पुण्याला गेली, निळा चौकटीचा सगळ्यात वर ठेवून. मांजराचा शर्ट मात्र मला सापडला नाही, असं मी तिला सांगितलं.

परवा तोच घालून गल्ल्यावर बसलो होतो. एक जुनं गिऱ्हाईक आलं, बियाणं मागायचं विसरून माझ्याकडं बघतच राहिलं.

"शेठ, लई उतरले हो! कावून? शुगर-बिगर निघाली का?"

बारा वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याला बसवून घेतलं, स्पेशल चहा पाजला आणि उद्या तूप घेऊन ये म्हणालो.